विहिरीतल्या बेडकाला आकाश तरी कुठे कळलं?

एक पोस्ट पुन्हा पुन्हा येते. 'विहिरीतल्या बेडकाला समुद्र ठाऊक नसतो' ही जपानी म्हण म्हणे लोक अर्धीच सांगतात. पुढचा भाग असा, 'पण आकाशाची खोली त्यालाच कळते.' ही गोष्ट माझ्या फार आवडीची आहे, म्हणून राहवत नाही.

मुळात म्हण जपानी नाहीच. जपानीतलं 'इ नो नाका नो कावाझु' आणि चिनीतलं 'जिंग दी झी वा' हे दोन्ही 'च्वांग त्झू' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या 17व्या प्रकरणातून आले. तिथला बेडूक विहिरीच्या कठड्यावर उड्या मारतो, निखळलेल्या विटेच्या खाचेत विसावतो आणि पूर्वसमुद्रातल्या कासवाला म्हणतो, ये की आत! कासवाचा डावा पाय आत पडायच्या आधीच उजवा गुडघा अडकतो. मग ते मागे सरून समुद्राबद्दल सांगतं. दहा वर्षांत नऊ पूर आले, पाणी वाढलं नाही. आठ वर्षांत सात दुष्काळ पडले, किनारा हटला नाही. बेडूक ऐकून गांगरून जातो.

या बेडकाला आकाशाचं ज्ञान असल्याचं अक्षरही तिथे नाही. उलट लगेच पुढे नळीतून आकाश न्याहाळणाऱ्याची टर उडवली आहे. चिनी लेखक हान यू (768–824) तर सरळ लिहितो की विहिरीत बसून आकाश लहान म्हणणाऱ्यामुळे आकाश लहान होत नाही. 'विहिरीत बसून आकाश पाहणं' हा चिनी वाक्प्रचार आजही संकुचित नजरेसाठीच वापरतात. म्हणजे ज्यासाठी पोस्ट बेडकाची पाठ थोपटते, नेमकं तिथेच तो फसलेला आहे. आकाशाची ओळ जपानमध्ये मागाहून जोडली गेली. तिचे शब्दही पक्के नाहीत: कुठे 'खोली', कुठे 'निळाई'.

'आपलाच कूपमंडूक बौद्ध भिक्षूंनी तिकडे नेला' असंही कुणी म्हणेल, पण तेही टिकत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला चिनी विचारवंत श्युन त्झू हाच बेडूक प्रचलित म्हण म्हणून देतो. बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला त्यानंतर दोन-तीन शतकांनी.

आणि धीरच हवा असेल तर तो 'च्वांग त्झू'च्या त्याच 17व्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. पुराने फुगलेला पीत नदीचा देव समुद्रापाशी येतो आणि आपलं थिटेपण कबूल करतो. समुद्र म्हणतो, विहिरीतल्या बेडकाशी समुद्राबद्दल बोलता येत नाही. तू मात्र काठ सोडून आलास, आता तुझ्याशी बोलता येईल.