‘मदरशात सगळेच पास’ म्हणणाऱ्यांना

कोल्हापुरातल्या आमच्या दोन-तीन ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय: ‘मदरशातली परीक्षा म्हणजे घोकंपट्टी. तोंडी परीक्षेचा काय भरवसा? पेपर नाही, उस्तादच परीक्षक, सगळेच पास. ही मुलं खऱ्या परीक्षेला घाबरतात.’ अशा परीक्षांना मी हजर असतो, म्हणून उत्तर देतोय.

तोंडी परीक्षा बेभरवशाची? हिफ्जची, म्हणजे कुराण तोंडपाठ करण्याची, नाही. कुराणाच्या तीस पाऱ्यांतली (भागांतली) कुठलीही आयत, म्हणजे वचन, परीक्षक सुरू करून देतो, मुलानं पुढं म्हणायचं. मागं अकरा वर्षांच्या एका पोराला सूरह बकरा या अध्यायाची १३६ वी आयत आली. तिथं शब्द आहे ‘इलैना’. तिच्याशी खूप मिळतीजुळती ‘आले इम्रान’ या अध्यायाची ८४ वी आयत, तिथं ‘अलैना’. पोरगं ‘अलैना’ म्हणालं आणि दोन टोकांना बसलेल्या दोन्ही हाफिजांच्या (सगळं कुराण पाठ असलेल्या परीक्षकांच्या) पेन्सिली एकदम कागदावर टेकल्या. उच्चाराचंही तेच. ‘क़ल्ब’ म्हणजे काळीज, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. कान तयार असलेल्या माणसाकडून हे सुटत नाही. मजकूर अक्षरागणिक ठरलेला आहे, त्यामुळं कुणीही तपासा, चुका जवळपास तेवढ्याच निघतात. शाळेतला एक निबंध दोन मास्तरांकडं देऊन बघा, गुण जुळतात का! आणि ‘सगळेच पास’ म्हणाल, तर चुका जास्त झाल्या की पारा पुन्हा पक्का करून पुन्हा ऐकवावा लागतो.

पेपर नसतो, हे साफ चूक. १८६६ साली सुरू झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमसारख्या मोठ्या मदरशांत वार्षिक लेखी परीक्षा होतात.

खऱ्या परीक्षेची भीती? पोरांना शहरात राहून शाळा शिकता यावी म्हणून शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, त्या गावात हे लिहिताय. आमच्या मक्तबातली, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या गल्लीतल्या छोट्या वर्गातली, पोरं दिवसा शाळेतच असतात, दहावीलाही बसतात.

उस्तादच परीक्षक, हे मात्र गल्लीतल्या मक्तबांपुरतं खरं आहे आणि ते मला लागतं. शिकवणाराच विचारणार, तोच गुण देणार. त्याहून मोठी खोट दुसरीच आहे. वजू म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं, फर्ज म्हणजे त्यातल्या सक्तीच्या गोष्टी. ‘वजूचे फर्ज किती?’ ‘चार.’ कोपरांसकट हात धुणं धरून चारही धडाधड सांगितले, पैकीच्या पैकी गुण. तोच मुलगा नंतर नळावर बसला आणि कोपरं कोरडी ठेवून उठला. उत्तर बरोबर होतं, वजू झाला नव्हता. पाठांतर किती पक्कं हे आपण चोख मोजतो, अंगात किती उतरलं हे मोजतच नाही.

शाबानमधल्या (रमजानच्या आधीच्या महिन्यातल्या) वार्षिक परीक्षेला या वेळी दुसऱ्या मोहल्ल्यातले हाफिज बोलवा आणि वजूचे निम्मे गुण नळावरच द्या, असं आमच्या उस्तादांना सांगितलंय. ते तयार आहेत.