गल्फचा पैसा आणि 'एक रत्नागिरीकर' यांची कमेंट

गल्फमधे राबणारा भारतीय पासपोर्टवाला इथल्या पक्षाला निवडणुकीसाठी देणगी देऊ शकतो, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'एक रत्नागिरीकर' या नावाने कमेंट आलीय, तिला दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा होणार होतो पण काल रात्रीपासून ती डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून हे लांबण. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "लेखक महाशयांनी कायदा उघडून तरी बघितलाय का? गल्फमधनं आलेला पैसा म्हणजे परदेशी पैसाच, तो घेतला की उमेदवार आत. कुवेतच्या ग्रुपवर जमा झालेल्या पैशात कोण कुठल्या पासपोर्टचा हे कोण बघतं? २०१८ ची दुरुस्ती तर सोयीस्कर विसरलात. पंख्याखाली बसून ज्ञान पाजळायला काय जातंय."

आधी त्या पंख्याचं बघू. साहेब, उमेदीची वर्षं मी कुवेतला साइटवर काढलीत, उन्हाळ्यात पारा पन्नासला टेकतो तिथे, पंखा सोडा सावली मिळायची मारामार. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत चिऱ्याची जी घरं दिसतात त्यातली निम्मी या पैशातनं उभी राहिलीत, देवळाचा सभामंडप आणि मोहल्ल्यातली शाळेची खोली पण. त्या पैशाला तुम्ही एका फटक्यात "परदेशी" करून टाकलंत. मुद्दा मांडा की, कोण नाय म्हणतंय, पण "महाशय" वगैरे कशाला? नाव लपवून बोलणाऱ्याने तरी जरा जपून बोलावं.

आता कायदा, जो मी उघडलेला नाही म्हणे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९ ब: पक्षाला परदेशी स्रोताकडून देणगी घेता येत नाही. एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, कलम ३: उमेदवार, आमदार, खासदार, पक्ष, पक्षाचे पदाधिकारी, कुणालाच नाही. त्यात पंचायतीचा उमेदवार पण येतो बरं का, म्हणजे आमच्या वाडीतला सरपंचकीला उभा राहणारा सुद्धा. मोडलं तर ५ वर्षांपर्यंत कैद. इथपर्यंत तुमचं माझं एकच आहे. पण परदेशी कोण, हे नोट दिनारची की रुपयाची यावर ठरत नाही, देणारा कुठल्या देशाचा नागरिक यावर ठरतं. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतनं, सरळ बँकेतनं पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत, हे खुद्द गृहमंत्रालयाने आपल्या प्रश्नोत्तरांत सांगून ठेवलंय. उलट माझ्या आत्याचा मुलगा, लंडनला असतो, ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना मिळतं ते), शिमग्याला न चुकता येऊन पालखी नाचवतो, मालवणी मसाल्याच्या बरण्या भरून नेतो, पण त्याचा एक रुपया पक्षाला चालत नाही. मागच्या निवडणुकीत तो द्यायला तयार होता, मीच म्हटलं राहू दे रे बाबा. म्हणजे दुबईत गवंडीकाम करणारा चालतो आणि घरातला लंडनवाला चालत नाही, विचित्र वाटेल पण कायदा असाच आहे आणि मूळ लेखात मी नेमकं हेच लिहिलं होतं. वाचलं असतंत तर ही कमेंट आलीच नसती.

मदत म्हणजे नुसता पैसाच असंही नाही. २०१९ ला बांगलादेशी नट फिरदौस अहमद बंगालमधल्या रायगंजला तृणमूलच्या प्रचारात फिरला, गृहमंत्रालयाने त्याचा व्हिसाच रद्द केला आणि देश सोडायला लावलं. हे पण पंख्याखालीच वाचलं मी, चालेल ना?

२०१८ बद्दल, ठीक, एक ओळ जास्त हवी होती, मान्य. दिल्ली हायकोर्टाने मार्च २०१४ मधे भाजप आणि काँग्रेस दोघांनाही लंडनच्या वेदांता गटाच्या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्यांबद्दल दोषी धरलं. त्यातली एक स्टरलाइट, जिचा तांब्याचा कारखाना आपल्याच रत्नागिरीकरांनी आंदोलन करून परतवला आणि मग तो तुतीकोरीनला गेला. मग २०१६ च्या फायनान्स ॲक्टने 'परदेशी कंपनी'ची व्याख्याच सैल केली, २०१० पासून लागू, आणि २०१८ ला ती तारीख मागे ढकलत थेट ५ ऑगस्ट १९७६ वर, जुना एफसीआरए लागू झाला त्या दिवसावर नेली, म्हणजे जुनं सगळं धुवून निघालं. झालं समाधान? पण ही सूट कंपन्यांना मिळाली, आमच्या गवंड्याला नाही, आणि माझा लेख गवंड्यावर होता.

राहिला ग्रुपवरच्या पैशाचा प्रश्न. पासपोर्टचा तपशील घेऊन ठेवावा असं गृहमंत्रालयच सांगतं, तो घ्यायचं काम पक्षाच्या खजिनदाराचं, ब्लॉग लिहिणाऱ्याचं नाही. तुम्हाला एवढीच काळजी असेल तर त्याला जाऊन विचारा, मला काय विचारताय. आणि पुढच्या वेळी नाव लिहून कमेंट करा, तोपर्यंत ही तशीच ठेवतोय, डिलीट केली असं कुठे जाऊन सांगू नका.