कॅसिनो उघडले, बालवाडी बंदच

कोरोनामुळे गोव्यातली आमची बालवाडी बंद झाली, तेव्हा जून 2020 मध्येच मी पालकांना सांगून टाकलं होतं, तीन वर्षांच्या पोराला मोबाइलसमोर बसवून मी शाळा भरवणार नाही. काहींना पटलं. काहींनी मुलांना दुसरीकडे घातलं, तिथे रोज स्क्रीनवर एबीसीडी चालायची. जाणाऱ्याला मी अडवलं नाही. पण या वयाचं मूल हातांनी, नाकाने आणि शेजारच्या मुलाशी भांडून शिकतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी कोसबाडला बिया, पानं, माती घेऊनच मुलांना शिकवलं. त्यातलं काय काचेतून पोचणार होतं?

म्हणून आम्ही पिशव्या भरल्या. चिंचोके, शिंपल्या, चिकणमाती, जुन्या साड्यांच्या चिंध्या. टीचरनी घरोघर फाटकाला अडकवायच्या आणि रात्री व्हॉट्सॲपवर बोलून सांगायचं, उद्या काय करायचं ते. चवथीला तर माटोळीच, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून करतात ती आरासच, अभ्यासाला दिली. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगां, चिबूड, सुपारीचं शिपटं. आजीजवळ बसून नावं घ्यायची, हुंगायचं, जड कुठलं नि हलकं कुठलं ते बघायचं. एका पोरीने तोरिंग दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि 'हें म्हजें' म्हणत आजोबांना ते बांधूच दिलं नाही. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. वर्गात असं काही मला जमलं नसतं. (अर्थात, ज्या घरात आजी नव्हती आणि आई कामावर जायची, तिथली पिशवी तशीच अडकलेली असायची, हेही खरं.)

फीचा विषय मात्र कडू. आमच्या डिचोलीत कितीतरी घरं खाणींच्या ट्रकांवर चालायची. मार्च 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासूनच ओढाताण. त्यातले काही कळंगुट-बागाकडे हॉटेलांत लागले होते, ते 2020 मध्ये घरी बसले. 'शाळा बंद, मगीर फी कित्याक?' (मग फी कशाला?) असं त्यांनी विचारलं तर रागावणार कोणत्या तोंडाने? पण भाडं दर महिन्याला द्यावंच लागायचं आणि टीचर नि मावशी, सगळ्यांची चूल त्याच फीवर. आमच्या एक टीचर नेवऱ्या (करंज्या) करून विकू लागल्या. छान करतात, पण त्यासाठी त्या बालवाडीत आल्या नव्हत्या.

मदत मागायची तर कुठल्या दारात? शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांचा. त्याखालच्या मुलांसाठी सरकार सोय करू शकतं, एवढंच त्याचं कलम 11 म्हणतं. 'करू शकतं' म्हणजे नाही केली तरी चालतं. तिकडे जुलै 2020 मध्ये नवीन शिक्षण धोरण आलं, त्यात तीन वर्षांपासूनचा पायाभूत टप्पा, सहा वर्षांच्या आत मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ होते वगैरे सगळं लिहिलेलं. वाचून बरं वाटलं. हातात काहीच पडलं नाही.

आणि 1 नोव्हेंबर 2020 ला पणजीच्या मांडवी नदीतले कॅसिनो सुरू झाले, निम्म्या क्षमतेने का होईना. त्याच महिन्यात दहावी-बारावीचे वर्गही उघडले, ते योग्यच. आमची बालवाडी भरली ती थेट 2022 मध्ये. मधल्या काळात प्रचाराच्या सभाही झाल्या. पोरांना जपायला हवं, यात वाद नाही. पण अंगणात, आंब्याखाली, दहा-दहा मुलं एक दिवसाआड बोलावता आली असती की नाही, हे कुणी येऊन बघायलाही तयार नव्हतं.

पोरं परत आली तेव्हा एक मुलगा शेजारी कुणाला बसूच देईना. 'लागीं येवं नाका' (जवळ येऊ नको) म्हणून ओरडायचा. दोन वर्षं घरात तेच ऐकलेलं. मास्कचाही घोळ. प, ब, म हे ओठांवरचे आवाज, ओठच दिसले नाहीत तर पोर ते पकडणार कसे? मग टीचर अंगणात लांब उभ्या राहून, मास्क खाली करून गाणी म्हणायच्या आणि पोरं ओठांकडे टक लावून बघायची. काही मुलं मात्र बालवाडी न बघताच त्या जूनमध्ये सरळ पहिलीत गेली. त्यांच्या बाईंना 'यांना रांगेत उभं राहणंही येत नाही' म्हणून चिडलेलं मी ऐकलंय.

परत कधी साथ आलीच, तर बंदचा आदेश काढणाऱ्यांनी अंगण असलेल्या छोट्या बालवाडीला आणि दोन हजार मुलांच्या शाळेला एकाच ओळीत धरू नये. आणि तेवढे महिने मावशीच्या पगाराचं काय, तेही त्याच कागदावर लिहावं.