एक्स अक्ष सरकण्याबद्दल: मालवणच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं आमचं यंत्र, एक्स अक्षात (डावी-उजवीकडे) का सरकतं, यावर मी लेख लिहिला होता. यंत्राच्या मोटरला हुकूम देणाऱ्या 'ग्रबल' या प्रोग्रॅममध्ये 'बग' (चूक) आहे, दिशा बदलायचा सिग्नल वेळेत पोचत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे मुद्दे दोन. कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या राउटरचा एक्स अक्ष खाऱ्या हवेने गंजलेल्या वायरिंगमुळे सरकत होता, त्याला ग्रबलचा 'बग' म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. आणि दिशेचं टायमिंग चुकत असतं, तर चूक दोन्हीकडे सारखी होऊन फिटली असती, एकाच बाजूला साठली नसती.

खारी हवा मी नाकारत नाही. जुलैत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, म्हणून पहिले दोन दिवस मीही वायरीच तपासत होतो. पण सैल जोड कधी मोटरची एक स्टेप (छोटं पाऊल) खातो, कधी पन्नास. इथे फणसाच्या फळीवर देव्हाऱ्याची जाळी होती: ४० भोकं, प्रत्येकाला ५ फेऱ्या. तीन फळ्या कापल्या, तिन्हींत शेवटचं भोक उजवीकडे सव्वा मिलिमीटर. गंज असा मोजून चूक करत नाही.

मग डायल गेज (बारीक सरकणं मोजणारं काट्याचं मापक) लावला. स्पिंडल (कापणारं पातं फिरवणारा भाग) बंद, एक्स १० मिमी पुढे-मागे, १०० वेळा. काटा ०.६२ मिमीवर. तेच ६० मिमीने केलं, पुन्हा ०.६२. नुसतं ५० वेळा केलं, ०.३१. अंतर सहापट होऊनही फरक नाही आणि वळणं निम्मी झाली की चूक निम्मी, म्हणजे चूक वळतानाच होते. अक्ष सरकवणारा बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी पुढे नेतो, त्या फेऱ्याला मोटरच्या १६०० स्टेप, म्हणजे एक स्टेप ०.००३१२५ मिमी. दर पुढे-मागेला दोन स्टेप गेल्या की शंभराला ०.६२५.

दोनच का, हे तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर, आणि तो मुद्दा खरंच चांगला आहे. दिशेचा सिग्नल ड्रायव्हरमध्ये (मोटरला वीज देणाऱ्या पेटीत) ऑप्टोकपलरमधून, म्हणजे सिग्नल प्रकाशाने पुढे देणाऱ्या भागातून, जातो. तो लागताना चटकन लागतो, सुटताना रेंगाळतो. त्यामुळे एका बाजूला वळताना दिशा वेळेत पोचते, दुसऱ्या बाजूला वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेने पडते. एक स्टेप उलटी पडली की हिशेबात दोनचा फरक. दोन्हीकडे सारखाच उशीर असता तर तुम्ही म्हणता तसं फिटलं असतं.

आमच्या ड्रायव्हरच्या कागदावर लिहिलंय, दिशा स्टेपच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी हवी. ग्रबल १.१ दिशा बदलून लगेच स्टेप देतं, मध्ये एक मायक्रोसेकंदही जात नाही. ए४९८८ सारख्या छोट्या ड्रायव्हर चिपला २०० नॅनोसेकंद (०.२ मायक्रोसेकंद) पुरतात, म्हणून अनेकांना हे कधी दिसतच नाही. कॉन्फिग फाइलमध्ये 'स्टेप पल्स डिले'ची ओळ असते, पण मुळात बंद. ती चालू केली, १० मायक्रोसेकंद ठेवले, कंपाइल करून ग्रबल ज्यावर चालतं त्या आर्डुइनो बोर्डवर चढवलं. वायर एकही बदलली नाही. १०० वेळा पुढे-मागे करून काटा शून्यावर.

'बग' शब्दाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. सोय होती, आम्ही ती चालू केली नव्हती. लेखात तो शब्द बदललाय.

तुमच्या मशीनवरही हीच चाचणी करून बघा. आकडा दर वेळी वेगळा आला, तर आधी वायरीच उघडा.