रश्श्यावरचा आळ

रंकाळ्याच्या कट्ट्यावर सकाळी दिल्या दोन दिवस बसतच नव्हता. रिक्षा बाजूला लावून चहा उभ्यानंच. शेवटी आप्पांनी विचारलं, "काय रं, बूड टेकायला काय झालंय?"

"मूळव्याध," दिल्या हळूच बोलला, तरी पलीकडची दोन टाळकी वळलीच.

"तांबडा रस्सा वरपतोस, आणि काय हुणार?"

"महिना झाला आप्पा, रस्सा बंद. मिसळबी बंद. तरी लाल जातंयच."

सुहास मेडिकलमध्ये काउंटरला असतो, म्हणजे आमचा अर्धा डॉक्टर. तो म्हणाला, "रश्श्यावर उगाच आळ. इटलीत २००६ साली मूळव्याधवाल्यांना तिखटाची कॅप्सूल देऊन बघितली, आणि दुसऱ्या खेपेला नुसतीच खोटी. त्रासात फरक नाही. फिशर असलं, म्हणजे तिथं चीर पडली असली, तर मात्र तिखट झोंबतं. आपल्याकडं दोन्हीला मूळव्याधच म्हणतात."

"इटलीवाल्यानं आपला रस्सा कधी खाल्लाय?" आप्पा. यावर सुहासकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही.

"बरं, दिवसभर खातोस काय?"

चहा-खारी. दहाला वडापाव. दुपारी चहा-ब्रेड. रात्री भात-आमटी. भाकरी रविवारी. आणि पाणी? अर्धी बाटली, तीही संध्याकाळपर्यंत पुरते. "प्यालो की जावं लागतंय. स्टँडवर जायचं कुठं?"

सुहासनं कपाळावर हात मारला. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, आहेत. मैदा नि पॉलिशचा तांदूळ दोन्ही तिनाच्या आत. दिवसाला तीसेक लागतात. "शहाण्या, तुझ्या खाण्यात तंतूवाली एकच गोष्ट होती, मिसळीतली मटकी. ती सोडलीस आणि ब्रेड ठेवलास!"

हे मात्र सगळ्यांनाच लागलं. कट्ट्यावर भाकरी खाणारे तसे आप्पाच.

"इसबगोल घेतो की रोज," दिल्या.

"कशाबरोबर?"

"दोन घोट पाण्याबरोबर."

"मग ते आतच फुगून बसतंय. भरला तांब्या प्यायचा."

आप्पांनी सुरणाची भाजी सुचवली. संस्कृतात त्याचं नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा. सुहासनं नाक मुरडलं नाही, भाजी आहे, खा म्हणाला. त्याचा खरा राग होता दाबून धरण्यावर. सकाळी पोटात चहा गेला की मोठं आतडं ढकलायला लागतं. नेमकं तेव्हाच दिल्याला रेल्वे स्टेशनचं भाडं मिळतं. मग मळ आत थांबतो, आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, खडा होतो. दुसऱ्या दिवशी जोर. गुदाशी रक्तवाहिन्यांच्या गाद्या सगळ्यांनाच असतात. रोज जोर करून त्या सुजतात, खाली उतरतात.

"आणि मोबाईल नेतोस आत?"

दिल्या गप्प. मीही चहात बघत राहिलो. पंधरा मिनिटं तर रील्समध्येच जातात.

"पण मूळव्याधच आहे हे सांगितलं कोणी?" सुहासनं विचारलं.

"मीच."

"महिनाभर रक्त जातंय आणि तूच? दहाला दवाखाना उघडतो. आज दाखव."

तेवढ्यात एक बाई पिशव्या घेऊन रिक्षाजवळ आल्या. "बिंदू चौक?"

दिल्यानं कप ठेवला, एकदा रिक्षाकडं बघितलं, एकदा बागेतल्या शौचालयाकडं.

"दुसरी बघा ताई," म्हणाला, आणि मोबाईल आप्पांच्या हातात देऊन चालू लागला.