कालचा पासवर्ड

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. युद्धभूमीवर घडणाऱ्या भयकथांवर तो तुटून पडलाय. थोडक्यात म्हणणं असं: जवानाला भुताला घाबरताना दाखवणं हा त्याचा अपमान आहे; हे खूळ परदेशी, आपल्या फौजेत असलं काही नसतं; लोक या गोष्टी खऱ्या मानून बसतात; आणि युद्ध मुळातच एवढं भयानक असताना वर भूत कशाला? शेवटी 'जय हिंद' असल्यामुळे जो तो तो पुढे पाठवतोय. मी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात, लष्करी छावणीत वाढलो, घरात फौजी माणसं. मला गप्प बसवत नाही.

अपमानाचं आधी. 'शूर माणूस घाबरत नाही' हे ऐकायला छान वाटतं, पण त्याची किंमत सैनिकांनीच मोजली आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली कित्येकांची झोप उडाली, वाचा गेली, हात थरथरायचे थांबेनात. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेला 'शेल शॉक' म्हटलं. तरीही पळपुटे, भेकड ठरवून ब्रिटिशांनी आपलीच माणसं गोळ्या घालून मारली. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली! आणि लांब कशाला जायचं? नोकरी संपलेले गोरे सोजीर बोटीची वाट बघत महिनोन् महिने आपल्या देवळालीत पडून असायचे. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. तोवर उन्हाळा, ताप आणि रिकामे हात. कित्येकांचं डोकं फिरायचं. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, ती आपली देवळालीच. सैनिकाच्या खचण्याला ज्या गावाचं नाव पडलं, त्या गावाच्या शेजारी बसून सैनिक खचतच नाही म्हणायचं?

परदेशी खुळाची गोष्ट तर साफ चूक. १९६८ साली सिक्कीममध्ये मरण पावलेले शिपाई हरभजन सिंग आजही चीनच्या सीमेवरच्या नथू ला भागात पहारा देतात, अशी तिथल्या जवानांची श्रद्धा आहे. त्यांचे बूट पॉलिश होतात, बिछाना घातला जातो, चिनी अधिकाऱ्यांबरोबरच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली जाते. कित्येक वर्षं त्यांचं सामान सुट्टीसाठी रेल्वेने पंजाबातल्या गावी जायचं. १९६२ च्या युद्धात पडलेल्या जसवंत सिंग रावतांची अरुणाचलात जसवंतगढला अशीच सेवा होते. भूत हा शब्द त्या जवानांना रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पण मेलेला सोबती ड्यूटी सोडत नाही, ही कल्पना कुठल्या लेखकाने त्यांना दिलेली नाही. ती बर्फात उभं राहणाऱ्यांची आहे.

लोक खऱ्या मानतात, यात मात्र तथ्य आहे. आर्थर मॅकेन यांनी २९ सप्टेंबर १९१४ ला लंडनच्या एका वर्तमानपत्रात कथा छापली: शेकडो वर्षांपूर्वी मेलेले धनुर्धारी बेल्जियममधल्या मोन्सच्या लढाईत इंग्रजांच्या मदतीला येतात. लोकांनी ती खरी धरली, आणि 'मी रचली' असं लेखक सांगत राहिला तरी ऐकेनात. म्हणून कथेवर 'कथा' असं ठळक छापा. ती लिहूच नका, हे त्यावरचं उत्तर नव्हे.

राहिलं, भूत कशाला. आमचे एक काका तोफखान्यात होते. सरावाच्या रेंजवर तोफा वाजल्या की ओट्यावरचं बोलणं अर्धवट सोडायचे. १९७१ च्या डिसेंबरबद्दल त्यांनी घरात कधी काही सांगितलं नाही. फक्त लाइट गेली की आम्हा पोरांना एक भुताची गोष्ट सांगायचे. मध्यरात्री पहाऱ्यावरचा संत्री ओरडतो, "थम! कौन आता है?" अंधारातून ओळखीचा आवाज येतो आणि पासवर्ड, म्हणजे रोज बदलणारा परवलीचा शब्द, सांगतो. पण पासवर्ड कालचा असतो. संध्याकाळी जो गेला, त्याला आजचा कुणी सांगितलेलाच नसतो.

आम्ही किंचाळायचो. गोष्टीतला तो गेलेला पोरगा काकांच्याच तोफेवरचा होता, हे काकूंकडून कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मग एकदा धीर करून विचारलं, "काका, संत्र्याने पुढे काय केलं हो?"

हातातला स्टीलचा पेला त्यांनी नुसता फिरवला. "काय करणार? आत घेतला."