ड्वार्फ विझार्ड चालतो, बिनधास्त घ्या
परत तो मेसेज फिरतोय की डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेममध्ये ड्वार्फ (बुटक्या, दणकट जमातीचं पात्र) घेतला तर विझार्ड (जादूगार) होता येत नाही. अहो, ती जुन्या एडिशनची (नियमांच्या आवृत्तीची) गोष्ट, 2000 साली तिसरी एडिशन आली तेव्हाच ही बंदी गेली. आणि 2024च्या रूल्समध्ये तर क्षमतांच्या स्कोअरचे बोनस स्पीशीजवर (पात्राच्या जमातीवर) नाहीतच, ते बॅकग्राउंडवरून (पात्राच्या पूर्वायुष्यावरून) मिळतात, म्हणजे सेज (विद्वान) हे बॅकग्राउंड घेतलं की इंटेलिजन्सला (विझार्डची जादू यावरच चालते) +2, कॉन्स्टिट्यूशनला +1, पॉइंट बायने (ठरावीक पॉइंट वाटून स्कोअर घ्यायची पद्धत) इंटेलिजन्स 15 ठेवलंत तर पहिल्याच लेव्हलला 17 होतात. वर ड्वार्फला दर लेव्हलला एक हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) जास्त, विझार्डचा हिट डाय (हे पॉइंट ठरवणारा फासा) जेमतेम सहा बाजूंचा, त्याला अजून काय हवं! फक्त तुमचा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) 2014चं पुस्तक चालवत असेल तर आधी विचारा, तिथे बोनस रेसवर (स्पीशीजचं जुनं नाव) आहेत. बंदी मात्र तिथेही नाही.